विश्लेषण : प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, पुढची शुश्रूषा कोणी करायची?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णाला प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही. कराड, मिरज, सांगली आणि सातारा येथे मूत्ररोगतज्ज्ञ, कर्करोग रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मात्र शस्त्रक्रिया काही तासांत संपते आणि बरे होण्यास काही महिने लागतात. हे महिने रुग्ण जत, आटपाडी, माण, खटाव किंवा पाटणमधल्या आपल्या घरी काढतो. तिथे लघवीची नळी, गळती, बद्धकोष्ठ आणि संकोच यांना तो आणि त्याची पत्नी तोंड देतात. या काळातल्या शुश्रूषेत काय काय येते आणि ती घरापर्यंत का पोहोचत नाही, याचा हा आढावा.

शस्त्रक्रिया नेमकी कोणती?

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. साधारण अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. गावाकडे ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या शस्त्रक्रिया मोडतात. पहिली दुर्बिणीची. वयोमानाने वाढलेल्या ग्रंथीचा आतला भाग तिच्यात खरवडून काढतात. हा आजार बहुतेकदा कॅन्सर नसतो. काही वेळा मात्र काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत कॅन्सर सापडतो. दुसरी शस्त्रक्रिया संपूर्ण ग्रंथी काढण्याची. कॅन्सर ग्रंथीपुरताच किंवा तिच्या आसपास असेल तर ही केली जाते. ग्रंथी आणि वीर्यकोश काढून मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला टाके घालून जोडतात. तिसरी दोन्ही अंडकोष काढण्याची. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर त्याला पोसणारे पुरुष संप्रेरक थांबवण्यासाठी ती करतात.

रुग्ण घरी गेल्यावर घ्यायची काळजी या तिन्हींत वेगळी आहे. म्हणूनच ‘प्रोस्टेट ऑपरेशन झाले’ एवढीच माहिती घेऊन घरी परतणे धोक्याचे ठरते. कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णाला आणि घरातल्या किमान एका माणसाला नीट सांगता आले पाहिजे. रात्री अडचण आल्यावर ते गावातल्या डॉक्टरला काय सांगतात, त्यावर पुढचा निर्णय ठरतो.

रुग्णालयात परिचारिका काय करतात?

संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतरच्या पहिल्या रात्री परिचारिकेचे लक्ष मुख्यतः नळ्यांवर असते. एक नळी मूत्राशयातून लघवी बाहेर आणते, दुसरी पोटात साचणारा द्राव. लघवी किती आली, तिचा रंग कसा आहे, रक्ताच्या गुठळ्यांनी नळी तुंबली का, पोटातल्या नळीतून अचानक जास्त पाणी येऊ लागले का, याची तासातासाने नोंद होते. पोटातल्या नळीचे पाणी वाढणे म्हणजे टाक्यातून लघवी झिरपत असण्याची शक्यता. ही गोष्ट बहुतेकदा डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीआधी परिचारिकेच्याच लक्षात येते.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवून चालवले जाते. ‘टाके ओले आहेत, पडून राहू द्या,’ असा नातेवाईकांचा आग्रह असतो. पण ओटीपोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. अशी गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. त्यामुळे चालणे हा उपचाराचाच भाग आहे. काही रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने घरी गेल्यावरही घ्यावी लागतात.

आणखी एक महत्त्वाचा नियम म्हणजे एनिमा द्यायचा नाही. मलाशय ग्रंथीच्या अगदी मागे असते आणि शस्त्रक्रियेनंतर तिथली भिंत नाजूक झालेली असते. शौचास न झाल्यास पोटातून घ्यायचे औषध देतात. घरीही पहिले काही आठवडे एनिमा किंवा गुदमार्गातून द्यायचे कोणतेही औषध शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे, तर इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला हे प्रमाण पाळले जाताना क्वचितच दिसते. मग नळ्या, सलाईन आणि इंजेक्शने यांतच पाळी संपते. ‘घरी गेल्यावर काय करायचे’ हे समजावण्याचे काम डिस्चार्जच्या घाईत पाच मिनिटांवर येते.

नळीसह घरी गेल्यावर काय सांभाळायचे?

संपूर्ण ग्रंथी काढलेला रुग्ण बहुधा लघवीची नळी घेऊनच घरी जातो. ती साधारण एक ते दोन आठवडे राहते. या काळात नळी दोन कामे करते. एक म्हणजे लघवी बाहेर आणणे. दुसरे, आतल्या नव्या सांध्याला आधार देणे, जेणेकरून तो ताण न येता भरून येईल.

नियम साधे आहेत. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. एसटीत किंवा जीपमध्ये ती वरच्या दांडीला अडकवली तर लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. नळी मांडीला चिकटपट्टीने पक्की करावी आणि ताण पडणार नाही इतकी सैल ठेवावी. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी. त्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. नळी शरीरात जाते ती जागा रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडी करावी. तिथे हळद, पावडर किंवा तेल लावू नये. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडू नये.

पाणी कमी पिणे ही नेहमीची चूक. पिशवी कमी भरावी म्हणून रुग्ण पाणी तोडतो. मग लघवी गडद होते, नळीत गाळ आणि गुठळ्या अडकतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी हवे. उन्हाळ्यात माणदेशात त्याहून जास्त लागू शकते.

शौचाला जोर लावल्यावर लघवीत थोडे रक्त येणे, मूत्राशय आकसल्यामुळे नळीच्या कडेने काही थेंब येणे, वृषणाच्या पिशवीवर सूज दिसणे, हे या काळात बऱ्याच जणांना होते. जांघेला आधार देणारी घट्ट चड्डी किंवा लंगोट सुजेसाठी उपयोगी पडतो. मात्र काही लक्षणे दिसली तर थांबू नये. थंडी वाजून १०१ अंशांवर ताप, दोन-तीन तास पिशवीत लघवी न येणे आणि ओटीपोट फुगणे, घट्ट लाल रक्त किंवा मोठ्या गुठळ्या, जखमेतून पू, एका पोटरीत सूज आणि दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच रुग्णालय गाठावे.

नळी निसटली तर?

घरातल्या शुश्रूषेतला सर्वांत नाजूक प्रसंग हाच. झोपेत नळी ओढली गेली, फुगा फुटला आणि नळी बाहेर आली, तर नातेवाईक जवळच्या दवाखान्यात धाव घेतात. तिथे चांगल्या हेतूनेच नवी नळी घातली जाते. लघवी तुंबलेल्या इतर रुग्णांत हे योग्यच असते. पण संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णात अंदाजाने सरकवलेली नळी कच्चा सांधा फाडू शकते. मग लघवी पोटात झिरपते, पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते आणि नंतर मूत्रमार्ग आकसण्याचा किंवा कायमच्या गळतीचा धोका वाढतो.

अशा वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाला फोन करून त्यांच्या सल्ल्यानेच पुढे जावे. ‘मूत्राशयाचा नवा सांधा आहे. मूत्ररोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नळी घालू नये,’ हे दोन वाक्यांचे मराठी सूचनापत्र डिस्चार्ज कार्डाला लावले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाही निर्णय घेणे सोपे जाईल. त्यासाठी ना यंत्र लागते ना निधी. तरीही डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते आणि त्यावरचा क्रमांक रुग्णालयाच्या चौकशी खिडकीचा असतो.

नळी काढल्यावर लघवी का गळते?

लघवी रोखण्याच्या कामात प्रोस्टेटच्या आसपासच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. ग्रंथी गेल्यावर सगळा भार खालच्या एका झडपेवर येतो. त्यामुळे नळी काढल्यावर बहुतेक पुरुषांना काही काळ गळतीचा त्रास होतो. खोकताना, उठताना, वजन उचलताना कपडे ओले होतात. बहुतेकांची गळती तीन ते सहा महिन्यांत कमी होते आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. काही जणांची मात्र राहते. वर्षानंतरही ती त्रासदायक असेल तर पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवण्याच्या शस्त्रक्रिया आहेत.

सुधारणेसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करतात. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी तो मांडला. पुढे तो पुरुषांनाही उपयोगी ठरला. वायू सरू नये म्हणून जे स्नायू आपण आत ओढून धरतो, तेच आवळायचे. पाच सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आणि कुल्ले ताणायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. नळी असताना हा व्यायाम करायचा नाही. शस्त्रक्रियेआधीच तो शिकवला तर नंतर नेमका कोणता स्नायू आवळायचा हे शोधत बसावे लागत नाही. हे शिकवणे परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्टचे काम आहे. छापील चित्र हातात ठेवून ते होत नाही.

पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये. शेतकरी घरात या सूचनेचा अर्थ सोडवून सांगावा लागतो. पाण्याची घागर, दुधाची किटली, खताची गोणी, उसाची मोळी, चाऱ्याचा भारा, यांतले काहीही चालणार नाही. मोटारसायकल, सायकल आणि ट्रॅक्टरची सीट काही आठवडे बंद. रोज सपाट रस्त्यावर चालणे मात्र चालू ठेवायचे.

गळतीचा खर्चही असतो. प्रौढांचे डायपर किंवा पॅड महिनोन्‌महिने विकत घेणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. मग जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या घड्या वापरल्या जातात. त्या स्वच्छ धुऊन उन्हात वाळवल्या आणि वेळेवर बदलल्या तर चालतात. ओल्या घडीने मांडीची कातडी सोलवटते, तिथे बुरशी येते. शहाणीसुरती माणसे या त्रासापायी लग्नाला, देवळात, पारावर जायचे सोडतात. वर्षानुवर्षे पंढरीची वारी करणाऱ्याने ‘यंदा गुडघे दुखतात’ म्हणून घरी बसावे आणि खरे कारण कोणाला कळू नये, असेही होते. गळती बहुधा कमी होत जाते, हे आधीच सांगितले गेले तर हा एकांत टळू शकतो.

ज्यावर कोणीच बोलत नाही ते काय?

लैंगिक क्षमतेच्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. अमेरिकेतील शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये या नसा वाचवून ग्रंथी काढण्याची पद्धत प्रथम वापरली. त्यामुळे अनेक रुग्णांचे पुढचे आयुष्य बदलले. तरीही कॅन्सर जिथे पसरला आहे तिथे नसा वाचवता येत नाहीत आणि वाचवल्या तरी ताठरता परत यायला दीड-दोन वर्षे लागू शकतात. वीर्य येणे कायमचे थांबते, संभोगसुखाची जाणीव मात्र राहू शकते. गोळ्या आणि इतर उपाय आहेत. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेट वर्गातली औषधे घेणाऱ्यांना या गोळ्या जीवघेण्या ठरू शकतात. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून त्या औषध दुकानातून आणू नयेत.

साठीच्या गृहस्थाला हे विचारायचे कसे, असे तरुण परिचारिकेला वाटते. तिला विचारायचे कसे, असे गृहस्थाला वाटते. परिणामी प्रश्न विचारलाच जात नाही. इथे पुरुष परिचारकांचा, म्हणजे वॉर्डातल्या ‘ब्रदर’चा उपयोग होऊ शकतो. तो नसेल तर ज्येष्ठ सिस्टरनी दार लोटून, पत्नीला सोबत बसवून दहा मिनिटे बोलले तरी पुरते. ‘हा शस्त्रक्रियेचा ठाऊक असलेला परिणाम आहे, यात तुमचा दोष नाही,’ एवढे ऐकल्यानेही नवरा-बायकोमधला अबोला सुटू शकतो.

अंडकोष काढलेल्यांची काळजी वेगळी कशी?

पुरुष संप्रेरक थांबवले की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. ग्रामीण भागात अनेक रुग्ण कंबरदुखी किंवा पाय लुळे पडल्यावरच तपासणीला येतात. तेव्हा आजार हाडांत पोहोचलेला असतो. महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन घेण्यासाठी खेपा घालण्यापेक्षा एकदाच शस्त्रक्रिया, असा निर्णय अशा वेळी होतो. जखम लवकर भरते, म्हणून या रुग्णाला ‘बरा झाला’ असे समजून घरी पाठवले जाते.

त्याचा पुढचा त्रास वेगळा आहे. अंगातून वाफा निघणे, घाम, थकवा, चिडचिड, वजन आणि साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे. अशा रुग्णाने निसरड्या न्हाणीत पडू नये याची काळजी औषधाइतकीच महत्त्वाची. पाठीच्या कण्यात आजार असेल आणि पायांतली शक्ती अचानक कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर काही तासांत उपचार मिळणे गरजेचे असते. ‘वयामुळे होत असेल’ म्हणून दोन दिवस थांबले तर पाय कायमचे जाऊ शकतात.

घरात हे सगळे कोण करते?

बहुतेक घरांत पत्नी. तीही साठीच्या आसपासची, कधी स्वतः मधुमेह किंवा गुडघेदुखीने बेजार. मुलगा पुण्याला नोकरीला, सून संकोचाने दूर. पिशवी रिकामी करणे, रात्री उठणे, ओले कपडे धुणे, पथ्याचे करणे आणि नवऱ्याची चिडचिड सोसणे, हे सगळे तिच्यावर. तरीही डिस्चार्जच्या वेळी सूचना दिल्या जातात त्या बिल भरायला आलेल्या मुलाला किंवा पुतण्याला. पिशवी कशी उघडायची हे ज्या हातांना करायचे आहे, त्याच हातांकडून वॉर्डात दोनदा करवून घेणे हा चांगल्या परिचर्येचा साधा नियम आहे.

मनुष्यबळ आहे का?

आहे. मिरजेची ‘आरोग्यपंढरी’ ही ओळख जुनी. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय उभे केले आणि त्या परंपरेत परिचारिकांच्या अनेक पिढ्या घडल्या. १९६२ पासून मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडचे कृष्णा रुग्णालय आणि सांगलीचे भारती विद्यापीठ रुग्णालय यांच्या जोडीला परिचर्या महाविद्यालये आहेत. साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले, त्यांपैकी अनेक जण परिचर्येचे पदवीधर आहेत. गावोगावी आशा आहेत.

या साखळीच्या कड्या एकमेकींत अडकलेल्या नाहीत. सरकारी तपासणी मोहिमेत तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर येतो, प्रोस्टेटचा नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया होऊन गावात परतलेल्या पुरुषाची नोंद उपकेंद्राकडे आपोआप येत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने शस्त्रक्रियेच्या खर्चाचा मोठा भार उचलला, हे तिचे श्रेय. पण योजनेच्या आखणीत घरी सोडल्यानंतरची औषधे आणि तपासणी दहा दिवसांपुरती धरलेली आहे. ज्याची नळी चौदाव्या दिवशी निघते आणि गळती सहा महिने चालते, त्याच्यासाठी ही मुदत अपुरी आहे.

ऑस्ट्रेलियात २०१२ पासून प्रोस्टेट कॅन्सरसाठी खास परिचारिकांची सेवा सुरू झाली. निदानापासून पुढच्या काळापर्यंत एकच ओळखीची परिचारिका रुग्णाच्या संपर्कात राहते. भारतातही मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पोटावर मलमार्ग काढलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र प्रशिक्षित परिचारिका आहेत. कर्करोग परिचर्येची पदविकाही आहे. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही.

मग करायचे काय?

पाच गोष्टी नव्या इमारतीशिवाय होऊ शकतात. एक, शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने एका परिचारिकेचे नाव आणि रात्रीही उचलला जाणारा एक क्रमांक रुग्णाला द्यावा. दोन, तिसऱ्या दिवशी, नळी काढल्यावर आणि सहा आठवड्यांनी तिने स्वतःहून फोन करावा. तीन, नळीविषयीची सूचना ठळक मराठीत डिस्चार्ज कार्डावर असावी. चार, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना नळीची निगा, स्नायूंचा व्यायाम आणि धोक्याची लक्षणे यांचे प्रशिक्षण मिरज, कराड आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांनी द्यावे. ई-संजीवनीवरून तज्ज्ञांचा सल्ला घेण्याची सोय आहेच. पाच, योजनेतली दहा दिवसांची मुदत या शस्त्रक्रियेपुरती किमान तीन महिन्यांची व्हावी आणि तिच्यात पॅडचा समावेश असावा.

तीन महिन्यांच्या मुदतीला वैद्यकीय कारणही आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते बारा आठवड्यांनी रक्ताची पीएसए तपासणी करावी लागते. ग्रंथी पूर्ण निघाली असेल तर हा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो पुढे ०.२ वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर आजार परतल्याची शंका घेतात आणि रेडिएशनचा विचार होतो. वेळेत कळले तर तेव्हाही उपचाराला वाव असतो. पण कपडे ओले होतात म्हणून एसटीत बसायलाच लाजणारा रुग्ण ही तपासणी चुकवतो. म्हणजे गळतीची शुश्रूषा नीट झाली नाही, तर कॅन्सरवरची नजरही सुटते.

‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील प्रोस्टेट कॅन्सरचे नवे रुग्ण २०२० मधील १४ लाखांवरून २०४० पर्यंत वर्षाला २९ लाखांवर जातील. त्याचे मुख्य कारण वाढते आयुर्मान. तरुण मुले शहरांत आणि ज्येष्ठ गावात अशी रचना झालेल्या सातारा-सांगलीत ही वाढ जाणवल्याशिवाय राहणार नाही. शस्त्रक्रियागृहे आणि यंत्रे वाढतील तेव्हा त्यांच्या उद्घाटनाच्या बातम्या येतील. पाटणच्या एखाद्या वाडीत रात्री अकरा वाजता नळी निसटलेल्या माणसाच्या पत्नीचा फोन कोणी उचलला, याची बातमी होणार नाही. तो फोन उचलणारी परिचारिका नेमणे मात्र आजच्या मनुष्यबळातही शक्य आहे. त्याची सुरुवात जिल्हा आरोग्य यंत्रणेने आणि मोठ्या रुग्णालयांनी एकत्र बसून करायला हवी.